निळं पिंप

नानांच्या घरात गोड्या पाण्यावर पहिला हक्क मोटारीचा होता. दुसरा देवाचा, मग चहाचा, आणि काही उरलंच तर बायकोचा, म्हणजे चंपाचा. मनोरीत त्यांच्या आळीच्या नळाला पाणी यायचं ते उपकार केल्यासारखं. आलं की चंपाने आधी अंगणातलं निळं पिंप भरायचं, असा नियम. समुद्रावरून परतल्यावर होडीची मोटार त्या पिंपात बुडवून चालवायची आणि तिच्या आतलं मीठ धुऊन काढायचं. पाहुण्यांना पाय धुवायला तांब्या मिळे, मोटारीला अख्खं पिंप.

मोटार जुनी, एवढीशी, बिनगिअरची. चालू म्हणजे पुढे, बंद म्हणजे थांबली; मधलं काही नाही. नानांचे वडील गिरणीत मुकादम होते, त्यांचाही स्वभाव असाच होता म्हणे.

ती बंद करण्याची नानांची खास रीत होती. बटण दाबायचं नाही. बटण दाबलं की पेट्रोल पोटात राहतं, चिकट होतं, आणि कार्बोरेटर चोंदतो. म्हणून जेटी दिसली की टाकीखालचा पितळी कॉक बंद करायचा. मोटार उरलंसुरलं पिऊन घेते, खोकते, आणि होडी धक्क्याला टेकता टेकता आपली आपण गप्प होते. शेजारच्या नितेशने एकदा चुकून बटण दाबलं. घरी येऊन नानांनी बटणाची वायरच कापून टाकली.

पुढे गुडघे धरले तेव्हा नानांनी चंपाला मोटारीवर बसवलं आणि स्वतः नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभे राहू लागले. होडी वळवायला शिकवलं, कॉक बंद करायला शिकवलं. चालू करायला शिकवलं नाही. दोरी खेचणं ताकदीचं काम, बायकांचं नव्हे. रोज दोन हंडे कमरेवर आणणाऱ्या चंपाने त्यावर मान डोलावली होती.

त्या सकाळी ओहोटी जोरात होती. खाडीच्या मध्यावर जाळ्याचा तरंगता बोया पकडायला नाना आकड्याची काठी घेऊन वाकले, बोया आला नाही, नाना गेले. डोकं वर आलं तोवर होडी त्यांना मागे टाकून पुढे निघाली होती.

"बंद कर गो ती," नाना पाण्यातून म्हणाले.

चंपाने तिला येत असलेली एकुलती एक गोष्ट केली. कॉक बंद केला. मोटारीने ऐकलं, आणि नेहमीप्रमाणे आधी जेवण उरकायला घेतलं.

होडी वळवावी तर फिरता पंखा माणसाजवळ न्यायचा नाही, हाही नानांचाच नियम. ती मागे वळून बघत राहिली. होडी खाडीत आत चालली होती, नाना समुद्राकडे.

"कॉक बंद केलंस मां?"

"केलंय वो."

"मगे थांबतली."

आणि थांबली. अगदी शिस्तीत, पोटात थेंब न ठेवता. चंपाने दोरी खेचली. पुन्हा खेचली. मग आठवलं म्हणून कॉक उघडला आणि तळहात सोलेपर्यंत खेचत राहिली. कोरडी मोटार नुसती गुरगुरत होती. वल्ही घरी होती. पिंपाशेजारी मोटारीला ऊन लागू नये म्हणून नाना ताडपत्री बांधत, तिचे ते दोन खांब होते.

ओरडणं तेवढं राहिलं होतं, ते तिने केलं. नितेशची होडी आली, आधी नानांकडे गेली. त्याने नानांना वर घेतलं तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोलीस, हॉस्पिटल, सह्या, असं सगळं आटपून नाना दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. अंगण माणसांनी भरलं होतं आणि नळ सुकलेला होता. आंघोळ घालायला पाणी कुठून आणायचं, यावर पुरुषांची चर्चा चालू होती. टँकर बोलवावा असं एकाचं मत पडलं. निळं पिंप काठोकाठ भरलेलं होतं, पण त्याला हात लावायची आळीत कुणाला सवय नव्हती.

नितेश मोटार खांद्यावर घेऊन आला. पोरगा भला. त्याने ती पिंपाच्या काठाला अडकवली.

"काकी, कालपासून खाऱ्यातच आहे. मीठ धरेल. पटकन धुऊन टाकतो, नानांना चाललं नसतं."

"काढ ती."

"दोन मिनिटं फक्त, काकी. नाहीतर वाट लागेल हिची."

"नितेश, पाणी आज एकाकच पुरतला."

नितेशने मोटार काढून भिंतीला टेकवली. चंपाने पदर खोचला आणि तांब्या घेतला. पिंपाच्या पाण्यावर पेट्रोलचा पातळ रंगीत तवंग पसरला होता. तिने तो हाताने एका बाजूला सारला, तांब्या बुडवला, आणि पहिल्यांदा नानांचे पाय धुतले.