कुंभजाईचे पंधरा टोले

रविवार, १८ जानेवारी. दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी कुंभजाईच्या डोंगरावरून पंधरावा टोला ऐकू आला. त्यानंतर घंटा वाजली नाही. सकाळी चढताना सोळा टोले पडले होते.

पायथ्याच्या वाडीत मालू आपल्या ओट्यावर दोन सुपं घेऊन बसली होती. डाव्या सुपात एक वाल उरला.

महामार्गावरच्या खांब गावापासून सात किलोमीटर आत असलेल्या या वाडीची रीत जुनी आहे. वर देवीच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे, लॅटिन अक्षरं आहेत. कधीकाळी वसईकडच्या कुठल्याशा चर्चमधून ती इथे आली असं वाडीत सांगतात आणि तिला पाद्र्याची घंटा म्हणतात. तिचा आवाज जंगल ओलांडून खालपर्यंत स्वच्छ येतो. देवळात पोचलेल्या प्रत्येकाने एक टोला द्यायचा, उतरायला निघताना आणखी एक. खाली मोजणी मालूच्या घराकडे. तिच्या सासऱ्याकडून ती तिच्याकडे आली. चढत्या टोल्याला डाव्या सुपात एक वाल टाकायचा, उतरत्या टोल्याला तो उजव्या सुपात टाकायचा. डावं सूप रिकामं झालं की ओट्यावरून मोठ्याने सांगायचं, "जुळली." नाही झालं, तर चार माणसं दोर आणि कंदील घेऊन निघतात. कोण राहिलं, का राहिलं, हे विचारत बसायचं नसतं.

मालूचं वय छप्पन्न. तिचा मुलगा नितेश याच डोंगरावर वाटाड्या होता. दोन वर्षांपूर्वी, २१ जानेवारीला, तो गेला.

त्या दिवशी पेणहून बावीस जणांचा गट आला होता, नितेश धरून तेवीस. गटाचा म्होरक्या प्रणित. त्याच्या वडिलांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आणि तो स्वतः शनिवार-रविवार लोकांना डोंगर दाखवतो. देवळामागे पश्चिमेचा कडा आहे. तिथून कुंडलिका नदीचं पात्र आणि कोलाडपर्यंतची भातखाचरं दिसतात. प्रणितचा ड्रोन त्या कड्यावर अडकला. तो काढायला त्याने नितेशला खाली उतरवलं. नितेश परत आला नाही. घंटा मात्र चढताना तेवीस वेळा वाजली होती आणि उतरतानाही तेवीस वेळा वाजली. मालूने "जुळली" म्हणून सांगितलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. नितेश आला नाही, तेव्हा तिला वाटलं, गटाला सोडायला खांबला गेला असेल. पूर्वी दोनदा गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कड्याखाली सापडला. डॉक्टरांनी सांगितलं की तो पहाटेपर्यंत जिवंत असावा. प्रणितने जबाब दिला की वाटाड्या प्यायलेला होता आणि सांगूनही कड्याकडे गेला. पेपरात तेवढंच आलं. नितेश सुपारीसुद्धा खात नव्हता.

तेवीस कसे झाले, हे मालूला पावणेदोन वर्षं कळलं नाही. आपणच चुकून एक जास्त मोजला असं ती धरून चालली. तिने मोजणी सोडायची म्हटली, पण वाडीने सोडू दिली नाही. मग गेल्या दिवाळीनंतर किमया आली. ती पेणच्या एका शाळेत शिकवते आणि त्या गटात होती. ओट्यावर बसून तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मी प्रणितच्या मागेच उभी होते, मावशी. त्याने एक टोला दिला, आणि लगेच दुसरा. म्हणाला, हा नितेशचा. नाहीतर ही माणसं वर येतील, आपल्याला अडकवून ठेवतील, गाडी चुकेल."

"हाका मारलेल्या त्याने?"

"दोन-तीनदा. उत्तर आलं नाही. आम्हाला म्हणाला, तो दुसऱ्या वाटेने उतरलाय."

"तू इतके दिवस गप का ऱ्हायलीस गो?"

किमया ओट्यावरून उठली.

मालू पोलीस पाटील हैबतराव यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "टोल्याचा पंचनामा कसा करायचा, मालू?" ते म्हणाले. "ती बाई लिहून देते का?" किमया लिहून द्यायला तयार नव्हती. मालू परत आली. त्यानंतर तिने हा विषय वाडीत कुणाकडे काढला नाही. दर रविवारी सुपं घेऊन ती ओट्यावर बसू लागली. आता तिचा तिच्या मोजणीवर पुन्हा विश्वास बसला होता. प्रणित कधीतरी येईल, एवढंच ती धरून होती. आला तर काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. हैबतरावांचा यावर विश्वास नाही.

अठरा जानेवारीला सकाळी साडेआठला तो आला. सोबत पंधरा जण. त्यांची मिनीबस वाडीत थांबली. स्वतःची मोटरसायकल मात्र त्याने खांबला चहाच्या टपरीमागे लावून ठेवली होती.

"मावशी, ओळखलंत का? मी प्रणित. नितेशबरोबर यायचो."

"वळखलं."

"वाईट झालं हो त्याचं. आता वाटाड्या कोण आहे?"

"कोन नाय. वाट दिसते."

त्याने सुपांकडे पाहिलं. "अजून वालच मोजता? एखादं ॲप काढून देऊ का?" मागची पोरं हसली. एक म्हणाला, "दादा, चार्ज करायला नको, वाल बरे. संध्याकाळी पोपटीच्या मडक्यात भाजता येतात."

मालूही हसली. मग म्हणाली, "निघताना टोला द्या. ज्याचा त्याने. दुसऱ्याचा नाय द्यायचा."

प्रणित हसायचा थांबला. "हो, हो," म्हणाला. "सोळाचे सोळा वाजतील."

अकरा चाळीसला सोळा वाजले. दुपारी पंधरा.

पावणेचारला गट खाली आला. पंधरा माणसं. प्रणितचा जोडीदार साहिल पाण्याच्या बाटल्या भरायला ओट्याशी आला. "प्रणितदादा डोंगराच्या मागच्या सोंडेवरच्या वाटेने थेट खांबला उतरणार आहे," त्याने आपणहून सांगितलं. "गाडी तिकडेच आहे ना त्याची. कड्यावरून थोडं शूटिंग घेतो म्हणाला."

"टोला दिला त्याने?"

"देईल की निघताना. मावशी, तुम्ही पण ना!"

मिनीबस गेली. कड्यावरून देवळात येऊन टोला दिल्याशिवाय सोंडेची वाट धरता येत नाही, कारण ती वाट देवळाच्या दारातूनच फुटते. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. टोला पडला नव्हता, म्हणजे माणूस अजून कड्याकडेच होता. हे मात्र एकट्या मालूला माहीत होतं.

पाचच्या सुमारास हैबतराव शेतावरून परतले. रस्त्यावरूनच त्यांनी विचारलं, "जुळली का गो मालू?"

सुपात वाल होता.

"जुळली," मालू म्हणाली.

हैबतराव घरी गेले. दोर त्यांच्याच पडवीत असतो. त्या वेळी चार माणसं निघाली असती, तर दिवस मावळायच्या सुमारास वर पोचली असती.

सहा वाजता शेजारची पुतळी धुणं काढायला अंगणात आली. ती थबकली.

"हाक आल्यावानी वाटली गो. वरनं."

"भेकर असंल."

"भेकर असं वरडतं?"

"या दिवसात वरडतं," मालू म्हणाली, आणि सुपं उचलून आत गेली. पुतळी आणखी थोडा वेळ उभी राहिली. पुन्हा आवाज आला, असं तिचं म्हणणं आहे. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मालूने जुळली म्हटलंय ना? मग झालं."

सोमवारी सकाळी साडेसातला हैबतरावांना पेणहून फोन आला. प्रणित घरी पोचला नव्हता. मोटरसायकल टपरीमागेच होती. हैबतराव तडक मालूच्या ओट्यावर आले, मागून पुतळी आली, मग अर्धी वाडी आली.

"काल उतरताना टोले किती वाजले?"

"पंधरा."

"मग जुळली का म्हटलंस?"

"दोन वर्सांमागं तेवीस वाजले, तवा पन म्हटलंच व्हतं की."

"ते वेगळं. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं."

"त्याला व्हतं."

पुतळी रडायला लागली. "मी हाक ऐकली गो. तू मला भेकर म्हणालीस."

"माझ्या पोराने रातभर मारल्या असतील," मालू म्हणाली. "मी इथं भाकऱ्या करत व्हते. कोन म्हटलं मला, हाक आली म्हणून?"

हैबतराव चिडले. "देवीच्या घंटेवर खोटं बोललीस तू. या वाडीत कोण बोललं नव्हतं आजवर."

"घंटेवर खोटं त्याने वाजवलं, पाटील. मी नुसती तोंडाने बोलले. आता तुम्हीच सांगा, पंचनामा कसा करायचा."

हैबतरावांनी पडवीतून दोर काढला. सव्वानऊला चार माणसं निघाली. मालूने त्यांच्यासाठी पाण्याचा हंडा भरून ठेवला होता. तिघे प्यायले. हैबतराव प्यायले नाहीत.

वर देवळात प्रणितची पिशवी आणि चपला होत्या. कड्याच्या कडेला गवत उपटलेलं होतं. खाली हाका मारल्या, उत्तर आलं नाही. दुपारी रोह्याहून पोलीस आणि बचाव पथक आलं. चार वाजता मालूचा जबाब घेतला. तिने सगळं सांगितलं, हाकेचंही. पुन्हा असा प्रसंग आला तर काय कराल, असं जमादाराने विचारलं. हे कागदावर घ्यायचं असेल तर सांगते, असं तिने उत्तर दिलं. त्याने घेतलं नाही. तिच्यावर कोणतं कलम लावायचं, लावता येतं का, हे ठरलेलं नाही. त्याच संध्याकाळी किमया आपणहून पोलीस ठाण्यात गेली. तिचाही जबाब झाला. त्यात काय आहे, ते पोलिसांनी सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी एक वाजता पथक दोरांवरून कड्याखाली उतरलं. निम्म्यावरच्या एका कपारीत बिस्किटाचा रिकामा पुडा, शर्टाच्या फाडलेल्या दोन पट्ट्या आणि वाळलेलं रक्त सापडलं. तिथे माणूस बराच वेळ बसला असावा, असं पथकाच्या प्रमुखांनी सांगितलं. कपारीतून खाली उतरत जाणाऱ्या अरुंद घळीत, पालापाचोळ्यात काहीतरी सरपटत गेल्याची खूण आहे. ती ओढ्यापर्यंत दिसते. ओढ्यापलीकडे कारवीचं दाट रान आहे. तिथे अजून कुणी गेलेलं नाही.