अकरा गाड्यांची आवराआवर

गुन्वोरने जमिनीवरचा दरवाजा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि हॉलच्या मधोमध उभी राहून तिने विचारलं,

“हा इथे काय करतोय?”

“पडलाय,” स्वेर्रे म्हणाला.

“दिसतंय मला. याची जागा कुठली?”

स्वेर्रेने दरवाजाकडे पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या, दरवाजे नसलेल्या गाडीकडे पाहिलं. वीस वर्षं तो या कारखान्यात गाड्या रंगवत आला होता, पण वस्तूंची जागा हा विषय त्याने कधी मनावर घेतला नव्हता.

“गाडीला?” तो म्हणाला.

“मग ठेव ना जागेवर. नवरीकडं बघितल्यासारखा बघत काय बसलायस?”

स्वेर्रेने बिजागऱ्यांचे बोल्ट शोधले आणि दरवाजा जागेवर ठेवला. सव्वानऊ वाजले होते. हॉलमध्ये कारखान्यातली तेरा माणसं होती, झाडू चार होते आणि बोल्ट आवळायचे पाने एकूण छत्तीस.

फाटकावर कागद लावलेला होता: उत्पादन बंद. या जागेत कोणतेही वाहन तयार करण्यास मनाई आहे. खाली तारयेईची सही होती. तारयेई म्हणजे कंपनी बुडाल्यावर कोर्टाने कारभार बघायला नेमलेला ऑस्लोचा वकील. वय बत्तीस, आणि कंपनीचा एकूण एक खिळा त्याच्या यादीत होता. सोमवारी सकाळी आठला ड्रामेनहून भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. सौदा ठरला होता ‘हॉलमधले सर्व सुटे भाग, असतील तसे’ असा. लाइनवर अकरा गाड्या अर्ध्यामुर्ध्या उभ्या होत्या, त्यांच्या मोटरी फळीवर आणि काचा खोक्यांत. कागदाच्या लेखी हे सगळं सुटंच होतं.

या अकरा गाड्या तोर्वडालच्या, म्हणजे याच गावच्या, आरोग्य केंद्राने मागवल्या होत्या, घरोघर फिरून म्हाताऱ्यांना गोळ्या देणाऱ्या, पट्ट्या बदलणाऱ्या नर्सांसाठी. केंद्राच्या प्रमुख बाईंनी गुन्वोरला स्पष्ट सांगितलं होतं, “गाड्या असल्या तर आजही घेते. वकिलाकडूनही घेते. पण दरवाजे आणि मोटरी वेगवेगळ्या घेऊन मी काय म्हाताऱ्यांना वाटू?” अकरा गाड्या रस्त्यावर आल्या असत्या तर त्यांची देखभाल करायला कुणीतरी लागलं असतं. म्हणजे चार माणसांचं एक वर्कशॉप, याच हॉलच्या एका कोपऱ्यात, दिवे लावलेलं. कंपनी मेली तरी तेवढं जगलं असतं. गुन्वोरला तेवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तिच्याकडे एक शनिवार होता.

म्हणून गुरुवारी तिने तारयेईला फोन केला होता.

“हॉलमध्ये फार पसारा झालाय. शनिवारी येऊन आवरू का आम्ही? दुग्नाद करतो.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. पोलिसाला नाही म्हणता येतं, सासूला नाही म्हणता येतं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून, फुकट, मध्ये वॉफल खात करायच्या कामाला, म्हणजे दुग्नादला, नाही म्हणणारा माणूस त्या देशात अजून जन्मायचा होता. तारयेईचंही लहानपण दर वसंतात इमारतीच्या आवारातली पानं गोळा करण्यात गेलं होतं.

“साफसफाई तेवढी,” तो शेवटी म्हणाला. “उत्पादन नाही.”

“छे रे. फक्त आवरायचं.”

आणि आता ते आवरत होते. काचा खोक्यांत धूळ खात होत्या, त्या जागेवर गेल्या. मोटरी फळीवर उगाच जागा अडवत होत्या, त्याही गेल्या. बॅटऱ्या परवेझच्या ताब्यात होत्या. वयाच्या सहाव्या वर्षी पाकिस्तानातल्या खारियाहून आलेला परवेझ गाड्यांशी नॉर्वेजियनमध्ये आणि बॅटऱ्यांशी पंजाबीत बोलत असे. त्याने गुरुवारपासूनच त्या चार्जिंगला लावल्या होत्या.

“हे साफसफाईत बसतं?” स्वेर्रेने विचारलं.

“रिकामी ठेवली की बॅटरी मरते. मरू द्या असं कागदावर कुठं लिहिलंय? वाच की.”

मागच्या फळ्या आवरायला घेतल्या तसा कंपनीचा सगळा इतिहास अंगावर पडायला लागला. काही वेळा खरोखरच, वरच्या फळीवरून. कंपनीचं नाव लेर्के, म्हणजे चंडोल. सुरुवातीला ती प्लास्टिकचे बाथटब करायची. एक्याण्णव साली तिने पहिली गाडी काढली, त्याच प्लास्टिकची, त्याच फिकट हिरव्या रंगाची, आणि गिऱ्हाईक गाडीभोवती फेरी मारून विचारायचं, “बूच कुठंय?” कंपनी बुडाली. दुसऱ्या गाडीत हीटर आला. तो लावला की सत्तर किलोमीटर जाणारी गाडी तीस जायची, त्यामुळे तोर्वडालच्या माणसाला रोज सकाळी ठरवावं लागायचं, उबेत बसायचं की पोचायचं. कंपनी पुन्हा बुडाली. मग करवती बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तिला विकत घेतलं. त्यांच्या इंजिनिअरांनी दोन वर्षं संशोधन करून तिसऱ्या गाडीत कॉफीचा कप ठेवायला एक कडी बसवली, आणि त्यांचं मन गाड्यांतून उडालं. चौथी ही. चार माणसं बसायची, ऊबही मिळायची आणि पोचायचंही. एवढी चांगली गाडी केल्यावर कंपनी सगळ्यात लवकर बुडाली.

गुन्वोर चारही वेळा नोकरीला लागली होती आणि चारही वेळा निरोपाचा केक खाऊन घरी गेली होती.

एक वाजता दहा गाड्या पूर्ण आवरून झाल्या. अकराव्या गाडीला स्टीअरिंग नव्हतं. सगळ्यांनी सगळी खोकी उलटी केली. मग परवेझचं लक्ष ऑफिसच्या दाराकडे गेलं. तिथे भिंतीवर पहिल्या गाडीचं स्टीअरिंग टांगलेलं होतं, आठवण म्हणून, पोळपाटाएवढं.

“भिंत ही काय जागा झाली स्टीअरिंगची?” तो म्हणाला.

ती जागा आहे असं कुणालाच वाटलं नाही. दांड्यावर ते चपखल बसलं नाही, तेव्हा स्वेर्रेने कानशीने थोडंसं ‘पुसून घेतलं’ आणि मग बसलं.

दोन वाजता फाटक वाजलं. दारात तारयेई उभा होता. एका हातात यादी, दुसऱ्या हातात केकचा डबा. बगलेतल्या नव्या कोऱ्या कामाच्या हातमोज्यांना दुकानाचं लेबल अजून लटकत होतं. दुग्नादला परवानगी द्यायची आणि स्वतः जायचं नाही, हे त्याला रात्रभर टोचत राहिलं असावं.

“आला बघा पाचवा केक,” स्वेर्रे हळूच म्हणाला.

तारयेईने हॉलभर नजर फिरवली. जमीन मोकळी होती. फळ्या रिकाम्या होत्या. मध्ये अकरा गाड्या ओळीने उभ्या होत्या. तेरा माणसं आपापल्या झाडूकडे बघत होती. झाडू चारच असल्यामुळे काही जणांना दुसऱ्याच्या झाडूकडे बघावं लागत होतं.

“यादीत बावीस दरवाजे आहेत,” तारयेई म्हणाला. “कुठायत?”

“जागेवर,” गुन्वोर म्हणाली.

“कुठल्या जागेवर?”

“दरवाजाच्या.”

त्या गावात वकिलालाही सगळे अरे-तुरेच करत, त्यामुळे आपला अपमान झाला की नाही हे त्याला आवाजावरूनच ठरवावं लागलं. ठरेना. त्याने केक बाकावर ठेवला, पेन काढलं आणि मोजायला सुरुवात केली. एकेक दरवाजा उघडायचा, लावायचा, खूण करायची. चौथ्या दरवाजानंतर तो लावून क्षणभर थांबायला लागला, नुसता आवाज ऐकायला. बावीस भरले.

“दिवे. पुढचे बावीस.”

“लावून बघ, म्हणजे मोजायला सोपं.”

बावीस दिवे लागले. परवेझने तोंड फिरवलं आणि उगाचच नाक पुसलं.

“मोटरी अकरा. दिसत नाहीत.”

“आत आहेत.”

“आत आहेत हे मी लिहायचं कशाच्या आधारावर?”

“चालवून बघ,” परवेझ म्हणाला. “नसली तर जाणार नाही.”

तारयेईने विचार केला. “चालवणं म्हणजे उत्पादन नाही,” तो म्हणाला. हे त्याने कुणाला सांगितलं ते कळलं नाही.

“मोजणी आहे,” गुन्वोर म्हणाली.

तो नेमका अकराव्या गाडीत जाऊन बसला. गुन्वोर शेजारी बसली. ते पोळपाटाएवढं स्टीअरिंग त्याने दोन्ही हातांनी धरलं, आणि गाडी काहीही आवाज न करता निघाली, खांबाला वळसा घालून, वॉफलच्या टेबलाला वळसा घालून, पुन्हा खांबाला. दुसऱ्या फेरीला त्याने हीटर लावला. बॅटरीचा काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या फेरीची यादीत काहीच गरज नव्हती, तरी ती झाली.

मग त्याने गाडी थांबवली. गुन्वोर अंगठ्यावरचं ग्रीस दुसऱ्या अंगठ्याने पुसत बसली. आता दोन्ही अंगठे काळे झाले होते.

“माझ्या यादीत अकरा अपूर्ण सांगाडे आहेत,” समोर बघत तो म्हणाला. “ते कुठायत?”

सोमवार, ट्रक, नर्सा, कोपऱ्यातलं वर्कशॉप, सगळं त्या प्रश्नापाशी येऊन थांबलं होतं. काच खाली होती आणि बाहेर सगळे कान देऊन उभे होते.

“सापडले नाहीत,” गुन्वोर म्हणाली. “एवढा पसारा होता.”

तारयेईने यादी मांडीवर घेतली. पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग तो गाडीतून उतरला, खिडकीपाशी गेला आणि त्याने फोन लावला.

“सोमवारी ट्रक पाठवू नका,” तो म्हणाला. “नाही, सौदा मोडत नाहीये. ‘सुटे भाग, असतील तसे’ असं ठरलं होतं. मी आत्ता स्वतः मोजणी केली. सुटं असं इथे काही नाही.” पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. “नाही. केक आहे. हो, हो, केक. पण तो कापलाय.”

तो अजून कापला नव्हता. स्वेर्रेने घाईघाईने सुरी घेतली आणि कापला.

फोन ठेवून तारयेई वळला. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या.

“परवानगी मी आवरायला दिली होती,” तो म्हणाला. “फरशी पुसलेली नाही.”

तेराही जणांनी फरशीकडे पाहिलं.

“आणि गाड्या मध्ये असताना ती पुसता येणार नाही. हलवायला लागतील. तात्पुरत्या. कुठल्यातरी सुरक्षित आवारात.” त्याने यादीचं मागचं पान उलटून बघितलं, ते कोरं होतं. “आरोग्य केंद्राला आवार आहे ना?”

“आहे,” गुन्वोर म्हणाली. ती गाडीतून उतरली आणि तिने बादली उचलली.

“मग चला रे!” स्वेर्रे ओरडला. “अकरा गाड्या, तेरा ड्रायव्हर!”

“थांबा,” तारयेई म्हणाला. “यांना नंबर नाहीत. रस्त्यावर आणायला चाचणीची लाल प्लेट लागते. ती कंपनीकडे एकच आहे, आणि माझ्या सहीवर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे एका वेळी एक गाडी. आणि चालवणार मी.”

“अरे, केंद्र खाली तळ्याकाठी आहे,” परवेझ म्हणाला. “एक किलोमीटर. येताना सगळा चढ.”

“नियम आहे,” तारयेई म्हणाला आणि प्लेट लावायला वाकला.

पहिली गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ‘उत्पादन बंद’चा कागद वाऱ्याने नुसता फडफडला. वीस मिनिटांनी तारयेई चालत वर आला, बगलेत प्लेट धरून. ती त्याने दुसऱ्या गाडीला लावली. पुन्हा वीस मिनिटं. खाली केंद्राच्या दारात नर्सा जमल्याची बातमी तिसऱ्या खेपेला आली. कुठल्या गाडीवरून आत्ताच भांडण लागलंय, ते चौथ्या खेपेला कळलं. मधल्या वेळेत गुन्वोर रिकाम्या झालेल्या जागा पुसत होती. परवेझ म्हणाला, अगं राहू दे आता, कोण बघतंय. पण तिने शब्द दिला होता, आणि फरशी खरोखरच घाण होती.

सहाव्या खेपेनंतर तारयेई वर आला तो धापा टाकत. टाय खिशात, कोट खांद्यावर, बूट चिखलाने भरलेले. परवेझने पुढे केलेली कॉफी त्याने उभ्या उभ्या संपवली.

“अजून किती?”

“पाच.”

त्याने कोट खिळ्याला अडकवला, प्लेट उचलली आणि सरळ गाडीकडे निघाला.

“ए,” गुन्वोर ओरडली. “ओल्यावरून नको!”

तारयेई थांबला. मग प्लेट डोक्यावर धरून भिंतीला चिकटून, चवड्यांवर, कडेकडेने गेला.