अल्पशा आजाराने

"अल्पशा आजाराने म्हणे! म्हणजे काय, शिंक आली आणि माणूस गेला?"

वकीलबाईंनी पेपर नवऱ्यापुढे आपटला. त्या काही खऱ्या वकील नव्हत्या, शाळेत शिवण शिकवायच्या. पण लहानपणापासून प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची खोड, म्हणून थोरल्या भावानं हे नाव ठेवलं ते चिकटलंच. आता त्याच दादाचा फोटो निधनवार्तांच्या पानावर होता. गुबगुबीत गाल, हसरे डोळे. काल अंत्यविधीही उरकले होते.

"सख्ख्या बहिणीला पेपरातून कळावं?"

"तू त्यांचे फोन घेत नव्हतीस," नवरा हळूच म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात दादा भर पंगतीत म्हणाला होता, "हिला स्वतःच्या सावलीचासुद्धा संशय येतो." सगळे खो खो हसले. वकीलबाईंच्या ते काळजाला लागलं. माफी मागायची तर दारात येऊन माग, असं बजावून त्यांनी बोलणं टाकलं. नातेवाइकांनी त्याचं नाव काढलं की त्या उठून जात. दादा काही दारात आला नाही. आणि आता हे. ज्याच्या नखातही रोग नव्हता, तो असा पटकन जातो? पाणी कुठंतरी मुरत होतं. वहिनीनं काय केलं माझ्या दादाचं, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

दादाच्या घरी वहिनीनं दार उघडलं. डोळे कोरडे. रडून रडून डोळे कोरडे पडतात हे वकीलबाईंना ठाऊक होतं, पण ते इतरांच्या बाबतीत.

"वन्सं, या."

वकीलबाई बसल्या नाहीत. न्हाणीघराकडे जाणाऱ्या भिंतीवर ओळीनं भोकं बुजवलेली दिसली, सिमेंट अजून ओलसर.

"इथं काय होतं?"

"आधाराची दांडी होती. काढली."

"कुणाच्या आधाराची?" वहिनी पदर सावरत आत वळली. आतल्या खोलीत पलंगाची जागा मोकळी. "आणि पलंग?"

"परत केला."

"पलंग कुणी परत करतं का, वहिनी? मला काय कुक्कुलं बाळ समजता?"

मग वकीलबाईंनी न विचारता कपाट उघडलं. वरच दोन पुरुषी पॅन्ट होत्या. त्यांनी एक कमरेशी ताणून धरली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"ही कुणाची?"

"त्यांचीच."

"दादाची? यात त्याची एक मांडी मावायची नाही! खरं सांगा, दादाच्या जागी कोण वावरतंय या घरात?"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पॅन्टच्या टोकाला हात लावला. "उलटी करून बघा. तुमचाच विषय आहे."

वकीलबाईंनी फणकाऱ्यानं पॅन्ट उलटी केली. कंबर आत घेतली होती. तिच्या आत पुन्हा टीप. त्याच्याही आत आणखी एक, हातशिलाईची, घाईत घातलेली. सगळ्यात बाहेरच्या शिवणीचा दोरा तर विटून गेला होता. असं एका आठवड्यात होत नाही. पोरींना त्या हेच शिकवत. माणूस हळूहळू उतरत गेला की कपडे असे आत घ्यावे लागतात.

"किती दिवस?" त्यांनी शिवणीवर बोट ठेवून विचारलं.

"त्या लग्नानंतर महिन्याभरातच दुखणं निघालं. शेवटी पाय चालेनात. पलंग दवाखान्यासारखा, भाड्यानं आणलेला. फोन केले हो मी. काल सकाळीसुद्धा केला. ते म्हणायचे, राहू दे, बरा झालो की जातो तिच्या दारात."

"मग अल्पशा का छापलंत? खोटं का?"

"त्यांनीच सांगून ठेवलं होतं. दांडी, पलंगही लगेच काढायला." वहिनीनं कपाट लावून घेतलं. "म्हणाले, दीर्घ आजार लिहिलंस तर लोक तिला विचारतील, भाऊ दोन वर्षं झिजत होता, तू कुठं होतीस? तिच्यापाशी उत्तर नसेल. तिला कुणापुढे गप्प बसलेलं मला नाही बघवायचं."

वकीलबाई खाली बसल्या. पॅन्ट मांडीवर तशीच. आई गं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात दाराशी एक गृहस्थ आले. दादाच्या ऑफिसातले जुने सोबती. हातात तोच पेपर.

"आजच वाचलं. विश्वासच बसेना. अहो, असं एकाएकी काय झालं?"

"हो ना," वहिनी डोळे पुसत पुढं झाली. "अगदी थोड्याच दिवसांचं..."

"थोड्या दिवसांचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "दोन वर्षं आजारी होता माझा दादा. या वहिनीनं एकटीनं केलं त्याचं सगळं. मी याच गावात राहते. मी आले नाही."

"वन्सं!"

"छापलंय ते चूक आहे. कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगा."

गृहस्थांनी चपला काढल्या आणि बसायला कुठं जागा आहे ते बघू लागले.