रिकामं होण्यासाठी निघालेलं बगुनं

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं बगुनं आहे. शहरातली मुलं मला पातेलं म्हणतील, पण मराठवाड्यात मी बगुनंच. रांगतं मूल आत बसेल, एवढं माझं पोट आहे. तांबटाच्या हातोडीचे ठोके अजून माझ्या अंगावर दिसतात. कडूबांनी मला पाचोडच्या आठवडी बाजारातून डोक्यावर घेऊन घरी आणलं आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं : मनकर्णाबाई. स्वतःचं नाव सोडून बायकोचं घातलं, म्हणून वस्तीवर बरेच दिवस त्यांची थट्टा चालली होती.

वस्तीवर कुणाकडे लग्न निघालं, विहारात कार्यक्रम ठरला, की हाक यायची, "मनकर्णाबाईचं बगुनं आणा रं!" किती घरांच्या चुली मी पाहिल्या, सांगता यायचं नाही. परत येताना मात्र मला कुणी कधी रिकामं धाडलं नाही. तळाशी मूठभर शेंगा, दोन वांगी, निदान एखादा गुळाचा खडा असायचाच. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, ही तिथली रीत. मुलांनो, ही रीत लक्षात ठेवा. पुढे ती माझ्याच जिवावर उठली.

कडूबा वारले. मुलगा अभय शहरात कंपनीत लागला आणि आईला घेऊन गेला. फ्लॅटमध्ये माझी जागा माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे. आतली कल्हई उडाली, बाहेरून अंग काळवंडलं. लोकांच्या आवाजाची सवय असलेल्या भांड्याला शांतता फार जड जाते.

यंदा उन्हाळ्यात सून मेघा माळा आवरायला चढली आणि म्हणाली, "आई, एवढ्या भांड्यात आता कुणाचा स्वयंपाक करायचा? मोडीत देऊन टाकू या."

मनकर्णाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बुद्ध पौर्णिमेला यात खीर करू, अन् भुकेल्या माणसाला वाटू. बगुनं रिकामं होऊन घरी आलं, तर ठेवायचं. खीर उरली तर समजायचं, याचं काम सरलं. मग दे मोडीत. मी हू की चू करणार नाय."

म्हणजे माझं पुढचं सारं आयुष्य त्या एका दिवसावर येऊन ठेपलं.

मला ताजी कल्हई झाली. पौर्णिमेला पहाटेपासून खीर शिजली. अभयने उत्साहाने नव्या गाडीच्या काचेवर 'खीरदान' असा कागद चिकटवला. पुढे अभयशेजारी मेघा, मागच्या सीटवर मनकर्णाबाई, नात श्रेया आणि दोघींच्या मध्ये मी.

आधी आम्ही क्रांती चौकात गेलो. तिथे खीरवाटपाचे मंडपच मंडप! एका रिक्षावाल्याने हातच जोडले, "साहब, सुबू से चार गिलास हो गए. अब रहम करो."

अभय म्हणाला, "शहरात सगळेच देतात. आपण वस्तीवर जाऊ. खरी गरज गावाकडे असते."

"का रं? तिथल्या म्हशी आटल्या व्हय?" मनकर्णाबाईंनी विचारलं. अभयने गाडीच्या काचा वर केल्या.

वस्तीवर जुने शेजारी सांडू सर्वांत आधी धावत आले. "जयभीम वहिनी! अन् हे काय, बगुनं आलं व्हय माहेराला?" माझी आठवण होती तर! प्रत्येक घराने आमची वाटी-वाटी खीर घेतली. पण पौर्णिमा त्यांच्याही घरी होतीच. कुणाची शेवयांची, कुणाची गव्हाची, कुणाची गूळ घातलेली खीर माझ्यात पडू लागली.

"अहो, नको! आम्ही द्यायला आलोय!" अभय गयावया करू लागला.

"गप रं," सांडू म्हणाले. "मनकर्णा वहिनीचं बगुनं रिकामं धाडू व्हय? लई मोठा झाला का तू?"

"आजी, खीर वाढली!" श्रेया टाळ्या पिटत ओरडली. वाढत होती खरी, आणि प्रत्येक वाटीबरोबर मोडीचा तराजू मला जवळ दिसत होता.

परतीच्या पहिल्याच गतिरोधकावर खीर नव्या सीटवर सांडली. अभयने कपाळावर हात मारला. मेघाला हसू आवरेना. मनकर्णाबाई मात्र माझ्या काठावर हात ठेवून बाहेर बघत होत्या. त्यांच्या बोटाखाली त्यांचंच नाव होतं. मेघाने ते आरशातून पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

आडूळच्या अलीकडे एक बस बंद पडलेली दिसली. माणसं लिंबाच्या सावलीत ताटकळत होती. "थांबवा गाडी," मेघा म्हणाली. पदर खोचून तिनेच डाव हातात घेतला.

अभय एका पागोटेवाल्या आजोबांना म्हणाला, "घ्या बाबा, गरिबांसाठी आणलीय."

"गरीब नाय मी, बागाईतदार हाय," आजोबा म्हणाले. "पण भूक लागलीय. वाढ."

अभय ओशाळला. त्याने काचेवरचा कागद काढून खिशात घातला. कुणी डब्याच्या झाकणात, कुणी बाटली कापून, कुणी ओंजळीत खीर घेतली. मेघाचा डाव माझ्या तळाला लागला, खणकन वाजला. किती वर्षांनी ऐकला मी तो आवाज!

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तळाशी दोन कैऱ्या होत्या. बसमधल्या कुणीतरी गुपचूप टाकल्या होत्या.

"रिकामं नाय आलं, मेघा," त्या म्हणाल्या. "हरले मी."

मेघाने कैऱ्या उचलून ओट्यावर ठेवल्या. "आता झालं की रिकामं, आई. यांचं लोणचं घालू." मग तिने चिंच-मीठ घेऊन मला बाहेरून घासायला सुरुवात केली. काळवंडलेल्या थराखालून तिच्या सासूचं नाव लख्ख वर आलं.

मित्रांनो, आता माझी जागा ओट्याखाली आहे. मी माळ्यावरचा पाहुणा नाही, घरचं भांडं आहे. तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल. त्याला एकदा खाली उतरवा, घासा, आणि काही घेऊन कुणाच्या दारी जा. फक्त जाताना एक ध्यानात असू द्या. समोरचाही तुम्हाला काही देईल. त्याला नको म्हणू नका.