नऊ मीटर जास्त

निवड समितीच्या साहेबांनी शुभांगीच्या नावापुढे फुली मारायला पेन टेकवलं आणि धम्मपाल सरांनी सरळ त्या कागदावर पंजा ठेवला. फुली मारू नका, असं त्यांनी साहेबांना कळावं म्हणून आधी तेलुगूत सांगितलं, मग हिंदीत. शेवटी प्राचार्यांकडे वळून ते आपल्या बोलीत म्हणाले, "सर, पोरगी हळू नाही. मैदान चुकलं हाय. माह्या हातची मोजनी हाय थे."

आठशे मीटरला दोन मिनिटं वीस सेकंदांची अट होती आणि कॉलेजच्या या मैदानावर शुभांगीला दोन मिनिटं बावीस सेकंद लागले होते. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात आज नाव आलं नाही तर पुढे कधीच येणार नव्हतं.

धम्मपाल सर एकतीस वर्षं या कॉलेजात पोरांना पळवत होते आणि महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. मैदान त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी आखलं. कॉलेजकडे टेप नव्हता, म्हणून ओळखीच्या पटवाऱ्याकडून जमीन मोजायची जरीब मागून आणली. त्यांचे वडील तामसीकडे जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबले. मोजणी निघाली की पटवाऱ्याची ती लोखंडी साखळी वडीलच खांद्यावर वाहायचे, पण ती पडायची दुसऱ्यांच्या बांधावर. यांचं मोजायला होतं काय? जरीब पडली की भल्याभल्यांची तोंडं बंद होतात, एवढं धम्मपालांनी लहानपणी पाहिलं होतं. तीच जरीब आपल्या हातात आल्यावर त्यांना अशी काही ऐट चढली, की ती बरोबर आहे का, हे विचारायचं सुचलंच नाही. जुन्या साखळीच्या कड्या झिजतात आणि ती लांबते, हे त्यांना कोण सांगणार? चारशे मीटरची फेरी चारशे नऊ भरली. त्याच खुंट्यांना दोरी बांधून दरवर्षी चुना पडत गेला.

त्यांची पोरं बाहेरगावच्या मैदानावर नेहमीच जास्त जोरात पळायची. मग सर मिशीवर ताव देऊन सांगायचे, ही माझी तालीम. घ्या! कसली तालीम? फेरीला नऊ मीटर कमी झाल्यावर कुणीही जोरात पळेल.

गेल्या आठवड्यात बासरच्या स्पर्धेत शुभांगीने इथल्यापेक्षा तीन सेकंद कमी घेतले, तेव्हा सर आधी घड्याळावरच उखडले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सोमवारी पहाटे गवंड्याचा टेप घेऊन ते एकटेच मैदानावर गेले. तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला. तरी चार दिवस ते गप्प बसले. लाज वाटली, दुसरं काय! वाटलं, पोरगी वाघीण आहे, चुकीच्या मैदानावरही मारून नेईल, आणि आपली झाकली मूठ तशीच राहील.

प्राचार्य सुधाकररावांनी त्यांना हाताला धरून लिंबाखाली नेलं. आठ दिवसांवर निरोप समारंभ आलाय, व्हरांड्यात विक्रमांचा फलक लागलाय, हे बाहेर फुटलं तर तीस वर्षांत डावललेली सगळी पोरं पेपरवाल्यांना घेऊन दारात येतील, असं बरंच समजावलं. शेवटी म्हणाले, "येक पोरगी राह्यली तं राह्यली. तुमी आपलं नाव कायले खराब करून राह्यले?"

सरांनी हात सोडवून घेतला. मैदानाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "नाव माहं हाय सर, पाय तिचे हाय. माह्या नावापायी तिनं जास्त काऊन पळावं?"

टेप आला. समितीच्या माणसांनी स्वतः वाकून मोजलं आणि आकडा चारशे नऊच आला. कागदावरची वजाबाकी चालणार नाही, पळूनच दाखवावं लागेल, असा त्यांचा निकाल. आरंभरेषा अठरा मीटर पुढे सरकवून चार वाजता पुन्हा शर्यत घ्यायची ठरली.

शुभांगी पायरीवर बसून लिंबूपाणी पीत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सर, तुमाले कवापासून मालूम होतं?"

"सोमवारपासून."

उठून तिने बुटाचे बंद सोडले आणि पुन्हा आवळून बांधले. सरांना ते सगळ्यात जास्त लागलं.

चार वाजता, थकल्या पायांनी, ती दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत आली. नाव संघात गेलं. निरोप समारंभ तूर्त पुढे ढकलल्याची नोटीस सायंकाळच्या आतच लागली. सरांनी ती वाचली आणि कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. पाच-सहा सेकंदांनी हुकलेली नावं ते एकेक करून लिहून काढू लागले.

पहिलं नाव चंपतचं निघालं. पंधराशे मीटर, चार सेकंदांनी गेलेला. संघात घेतलं असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली असती. आता पंचेचाळिशी ओलांडलेला चंपत मावल्याला राहून जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होता. दुसऱ्या दिवशी सर तिथे गेले आणि फाटकाशी उभं राहून, काहीही न लपवता, सगळं सांगून मोकळे झाले. शिव्या खायची मनाची तयारी करूनच ते गेले होते.

चंपतने अंगावरचा कापूस झटकला. मग त्याने विचारलं, "म्हंजे सर, मी हळू नोतो?"

"नाही रे. कवाच नोता."

"मंग घरी चाला. हे माह्या मायसमोर सांगा."

घर जवळच होतं. द्वारकाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. लेकाने सरांना पुढे केलं. सरांनी हात जोडले आणि सांगितलं, तुमचा चंपत हळू नव्हता, मैदान मी चुकीचं मोजलं होतं.

म्हातारीला ऐकायला कमी येत होतं. तिने कानामागे हात धरला. शेजारच्या दोन-तीन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. धम्मपाल सरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तेच पुन्हा, गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.