बुडवून ठेवलेली होडी

पाटोदा तालुक्यातील एका तलावाच्या काठी गहिनीनाथ नावाचा नावाडी राहत असे. पावसाळ्यात तलाव भरला, की पलीकडच्या वस्तीला बाजारास येण्यासाठी त्याच्या होडीवाचून मार्ग उरत नसे. पूर्वी ती होडी लाकडाची होती. सन एकोणीसशे चौऱ्याण्णव साली सरकारी खात्याने ती मोडीत काढून त्याच्या स्वाधीन फायबरची पांढरीशुभ्र होडी केली. दरवर्षी मृगापूर्वी तपासणी होईल आणि होडी नापास ठरल्यास परवाना दुसऱ्यास दिला जाईल, असेही बजावले.

दोन वर्षे सुखरूप गेली. तिसऱ्या वर्षी चैत्रात होडी काठावर ओढली, तेव्हा तिचे सर्वांग लहानमोठ्या फोडांनी भरलेले दिसले. त्याची पत्नी विमलबाई हिने फोडांवरून हात फिरवला.

"अवं, हिला तर देवी आल्यात. लिंबाचा डहाळा आनू का?"

"आन. अन् दहीभात बी चार तिला," गहिनीनाथ वैतागून म्हणाला.

होडीच्या आतल्या अंगावरील फोड त्याने लाकडी होडीच्या रीतीने डांबर फासून बंद केले. बाहेरच्या पांढऱ्या अंगाला डांबर शोभले नसते, म्हणून चौसाळ्याहून संगमेश्वरला बोलावले. हा तरुण कूलरच्या फायबर टाक्या बनवीत असे आणि दोन वर्षे कोकणात होड्यांच्या कारखान्यात राबून आला होता. त्याने खिळ्याने एक फोड फोडला. आतून चिकट पाणी आले. त्यास सिरक्यासारखा आंबट वास होता.

"फायबर पानी पेलंय, काका. वरची साय पातळ असती, तिच्यातनं पानी मुरतं. पर हंगामाच्या चार म्हैन्यांत एवढं होत न्हाई. उन्हाळ्यात कुठं ठेवलती होडी?"

लाकडी होडी उन्हाळ्यात कोरडी राहिली तर फळ्या आकसून सांधे उघडतात, म्हणून गहिनीनाथाचे वडील तीत दगड भरून तिला पाण्यात बुडवून ठेवीत. त्यानेही दोन उन्हाळे ही होडी तलावाच्या बांधाच्या भिंतीजवळच्या डोहात तशीच निजवली होती. ही गोष्ट खात्याच्या कानी गेली, तर परवाना गेलाच म्हणून समजावे.

"झाडाखाली," तो म्हणाला. "कोरडी."

"मंग बनावटच कच्ची असंल."

संगमेश्वरने बाहेरचे सर्व फोड घासून मोकळे केले, होडी स्वच्छ पाण्याने धुतली आणि पालथी घालून वैशाखाच्या झळांत वाळत ठेवली. सायंकाळी तिच्या बुडावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवायचा आणि सकाळी पाहायचे. खाली दव नसेल तर होडी वाळली. मगच इपॉक्सीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या राळेचे, थर द्यायचे. ओलीवर दिले, तर ओल आत कोंडून पुन्हा फोड येतात.

तीन आठवडे लोटले. रोज सकाळी प्लॅस्टिकखाली थेंब दिसत.

"ह्या उन्हात दगड वाळतोय, अन् ही कावून वाळंना?" संगमेश्वर कंटाळून म्हणाला. "तपासणी आठ दिसांवर आली. भोकांत लांबी भरून रंग मारू. साहेबाला काय दिसतंय?"

"अन् भर पान्यात काय हुईल?"

"श्रावणात फुगंल परत. तवा मानसं बसवू नका म्हन्जे झालं!"

संगमेश्वर हसला; गहिनीनाथ हसला नाही. मागील पोळ्याला त्याने एका खेपेत अकरा माणसे आणली होती, आणि तलावाच्या मध्यभागी बांबू तळास लागत नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नव्हते.

"संगमेश्वर, बुडवून ठेवलती मी तिला. दोन्ही उन्हाळे. आतून बी फोड हायेत, डांबराखाली."

संगमेश्वरने वाकून होडीच्या आतले डांबर पाहिले. "अवं, आतली वल तुमी डांबरानं झाकली, अन् मी भाईरून तिची वाट बघतोय व्हय!"

"लाकडाला तेच करत्यात."

"हे लाकूड न्हाई ना बे!" तो ओरडला, आणि गहिनीनाथाच्या वयाचे भान येऊन त्याने जीभ चावली.

डांबर खरवडण्यात चार दिवस गेले. तपासणीच्या दिवशी होडी आतून-बाहेरून उघडी पडलेली होती, आणि प्लॅस्टिकखाली मोहरीएवढे का होईना, थेंब होतेच.

"अहो, नुसता रंग दिला असता तरी मी सही केली असती," साहेब म्हणाले. "सगळे तेच करतात."

"साहेब, वली हाय ती. चूक माजी हाय. मीच पान्यात बुडवून ठेवलती."

साहेबांनी कागदावर लिहिले: चालू हंगामाचा परवाना पैलतीरच्या हनुमान नावाच्या नावाड्यास, त्याच्या पत्र्याच्या होडीसाठी, फायबरची होडी पुढील तपासणीपर्यंत गहिनीनाथाच्या ताब्यात.

मृग लागल्यावर होडी पत्र्याच्या छपराखाली नेली. ती वाळण्यास आणखी महिना लागला. मग संगमेश्वरने आतून-बाहेरून इपॉक्सीचे थर दिले. तोपर्यंत तलाव भरला होता. आषाढातल्या एका बाजाराच्या दिवशी हनुमानाने काठावरून गहिनीनाथाला हाक दिली.

"नाना, मधली धार तुमाला ठाव हाय. बसता का वल्ह्याला?"

गहिनीनाथ गेला. होडीत चौदा माणसे दाटीवाटीने बसली होती. त्याने तिघांना खाली उतरवले, दुसऱ्या खेपेस नेतो म्हणून सांगितले, आणि मग वल्हे हाती घेतले.