पुढच्याची टाच

उन्हाळा असा पेटला होता की सकाळचा पहिला नळसुद्धा गरम पाणी ओतायचा. तरी त्या वसाहतीतली आठ-दहा माणसं रोज उजाडता उजाडता पाण्याच्या टाकीखाली जमायची, एकामागे एक रांग धरायची आणि मुकाट्यानं चालू लागायची. घाई नाही, गप्पा नाहीत, कानात गाणी नाहीत. ही टूम सिस्टरांची. त्या जन्मभर इस्पितळाच्या वॉर्डांतून धावल्या आणि निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात म्हणाल्या, आता सावकाश चालायचं. नजर पुढच्याच्या टाचेवर, ध्यान आपल्या तळव्यावर आणि तोंडाला कुलूप. सगळ्यांत पुढं असेल त्यानं मागं वळून पाहायचं नाही. “एकानं पाहिलं की सगळी रांग पाहते,” त्या म्हणत, “आणि मन गेलं चरायला.”

खरंच आहे ते. मनासारखं उनाड जनावर नाही; दावं सुटलं की दुसऱ्याच्या शेतात. पाऊल मात्र गरीब. ते टेकलेलं असतं तिथंच असतं, ना कालच्यात ना उद्यात. त्या पावलाच्या खुंटाला मन बांधायचं, एवढीच युक्ती. आणि ज्याला ती साधते त्याला त्या अर्ध्या तासात देवाघरचा वारा लागतो, उन्हाळा असला तरी.

चालून झालं की टाकीच्या पायऱ्यांवर बसायचं आणि मग कुलूप काढायचं. प्रत्येकानं आपल्या घरची एक ताजी खबर सांगायची. कुणाच्या नातीला दात आला, कुणाचा पंखा जळला, कुणाचा मुलगा सुट्टीला येतो म्हणाला आणि आला नाही. चष्मेवाल्याचं दुकान कोपऱ्यावर होतं आणि जीभ सगळीकडे.

“माझी खबर अशी,” तो एके दिवशी म्हणाला, “की काल बायको माझ्याशी दिवसभर बोलली नाही. फार शांत वाटलं. सिस्टर, तुमची विद्या घरोघर पोचली.”

“तुम्ही काय केलंत ते सांगा आधी,” शिंपीण म्हणाली.

“तिचा चष्मा मीच दुरुस्त केला. तिला आता मी स्पष्ट दिसतो.”

सगळे हसले. मास्तरही हसले, पण अंमळ उशिरा, इतरांची तोंडं पाहून. मास्तरीणबाईंनी ते टिपलं आणि कुणी टिपण्याआधी घाईनं आपली खबर सांगून टाकली. “आमच्याकडे दोघांची मिळून एकच खबर. यांनी काल आंबटगोड काही मागितलं नाही, म्हणजे तब्येत सुधारली.”

“मास्तरांना स्वतःचं तोंड आहे की,” चष्मेवाला म्हणाला.

“आहे. पण चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर ओरडून ते झिजलंय. उरलेलं जेवायला ठेवलंय.”

मास्तर कवायत शिकवायचे. त्यांच्या एका ‘सावधान’वर चारशे पोरं खांबासारखी ताठ व्हायची. आता त्यांना लहानपणचं घर आठवायचं आणि सकाळी खाल्लेलं आठवायचं नाही. न्हाणीघरात जाऊन ते दाराकडे पाहत उभे राहायचे, इथं कशाला आलो म्हणून. मास्तरीणबाईंनी हे झाकून ठेवलं होतं, आणि चालण्याच्या रांगेइतकं चांगलं झाकण त्यांना दुसरं मिळालं नसतं. तिथं बोलावं लागत नाही, ओळखावं लागत नाही. पुढं टाच दिसते, तिच्यामागं जायचं. मास्तरांसारखा नियम कुणीच पाळत नसे. सिस्टर एकदा म्हणाल्याही, “खरं चालणं यांचं.” म्हणताना त्यांनी मास्तरीणबाईंकडे जरा जास्त वेळ पाहिलं. परिचारिकेच्या डोळ्यांपासून काय लपतं? पण त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

बोललं तर काय होईल हे मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. लेक हिवाळ्यात येऊन गेली तेव्हाच एक जागा दोनदा पाहून आली होती. अशाच माणसांसाठी चालवलेली, स्वच्छ, नर्स असलेली, दाराला बाहेरून कडी असलेली.

“आई, तू एकटी आहेस. तुझा गुडघा तुला साथ देत नाही, तू बाबांना कशी देणार?”

“उन्हाळा जाऊ दे. एवढ्या उन्हाळ्यात काही वावगं झालं तर तू म्हणशील तसं. नाही झालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

लेकीनं मान डोलावली होती. ती बापावर गेलेली, दिलेला शब्द मोडणारी नव्हे. म्हणून तर बाई डोळ्यांत तेल घालून उन्हाळा ढकलत होत्या. दाराला आतून साखळी, चुलीजवळ मास्तरांना एकटं सोडायचं नाही, आणि रांगेत आपली जागा नेमकी त्यांच्या मागं. चष्मेवाला शेवटी, त्याच्यापुढं बाई, बाईंच्या पुढं मास्तर. बाईंची नजर टाचेवर नसायचीच, नवऱ्याच्या मानेवर असायची. सगळी रांग चालायची. बाई राखण करायच्या.

पुढं चालण्याची पाळी रोज बदलायची. बाई आपली पाळी नेहमी दुसऱ्याला देऊन टाकायच्या, गुडघ्याचं निमित्त सांगून.

त्या दिवशी चष्मेवाला गावाला गेला होता. आदल्या रात्रीपासून मास्तर बेचैन होते. कपाटातले सगळे कपडे काढून पलंगावर मांडत होते, कुठल्या तरी पोरांच्या गणवेशाची मोजदाद चालली होती. बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. टाकीखाली आल्या तेव्हा डोकं भणभणत होतं.

“आज पुढं तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या. “आणि गुडघा सांगू नका. गुडघा मी रोज पाहते.”

बाईंनी मागं पाहिलं. मास्तर शिंपिणीच्या मागं उभे होते, मान खाली, नजर तिच्या टाचांवर, अगदी शहाण्यासारखे. त्यांच्यामागं कुणी नव्हतं. हे बाईंना दिसलं. दिसलं नाही असं नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या.

आणि चालू लागल्या. पुढं कुणाची टाच नाही, कुणाची मान नाही. नुसता रस्ता, रात्रीचं पाणी मारलेला, अजून ओलसर. बाईंनी डावा तळवा टेकला, मग उजवा. चपलेतून जमिनीचा गारवा वर चढला. एका गच्चीवर कुणी चादर झटकली, तिचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला, जणू कान आजच उघडले होते. गुडघा दुखत होता, पण तो नुसता गुडघा होता. त्याच्यामागं औषधं, साखळ्या, कड्या असलं काही नव्हतं. मी चालतेय, त्यांच्या मनात आलं, आणि एवढंच आहे. गोदामांच्या चौकात रात्रपाळी सुटली होती. माणसं आडवी-उभी रांगेतून पलीकडे जात होती, डबे वाजवत, जांभया देत. बाईंनी त्यांना वाट दिली आणि पुढं निघाल्या. मागं पाहायचा मोह एकदा झाला. नियम आठवला. नियम किती सोयीचा असतो, नाही? त्या पुन्हा पावलाशी आल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला.

टाकीशी येऊन त्या वळल्या तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. शिंपिणीच्या मागं मोकळा रस्ता होता.

“मास्तर कुठंयत?”

शिंपिणीनं मागं पाहिलं. “होते की. मला पावलं ऐकू येत होती.”

“कुठपर्यंत?”

तिनं चौकाच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, “चौकात फार पावलं होती हो.”

बाईंची पाचावर धारण बसली. सिस्टरांनी हातोहात माणसं वाटून दिली. दोघं बागेकडे, दोघं शाळेकडे, एक जण बाईंच्या घरी. रोज मुक्यानं जाणारी ती माणसं गल्लीबोळांतून ‘मास्तर, मास्तर’ अशा हाका मारू लागली. बाईंनी हाक मारली नाही. त्यांना ठाऊक होतं, त्या हाकेला ओ देणारा माणूस आता उरलेला नाही. तो टाचेला ओ देतो.

“चौकात चला,” त्या सिस्टरांना म्हणाल्या.

गोदामाचा पहारेकरी बाकावर पेंगत होता. “म्हातारे गृहस्थ? गेले की. आमच्या एका हमालाच्या अगदी पाठीला चिकटून चालले होते. मला वाटलं, त्याचा बाप न्यायला आलाय. म्हटलं, नशीबवान आहे लेकाचा.”

“कुठं गेला तो?”

“बसथांब्यावर. दुसरीकडे कुठं जाणार?”

थांब्यावर हमाल नव्हता, बस केव्हाच गेली होती. तिथं पंक्चर काढणारा बसला होता. त्यानं मास्तरांना पाहिलं होतं. बसमध्ये चढले नाहीत, एका पाटीवाल्या बाईच्या मागं निघून गेले. “ती दोनदा वळून ओरडली त्यांच्यावर. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. एक चप्पल तिथं राहिली बघा.”

चप्पल बाईंनी उचलली. ऊन आता भिंतींवरून खाली उतरलं होतं. सिस्टरांनी पाण्याची बाटली पुढं केली. बाईंनी ती नवऱ्यासाठी काखेत धरली. पाटीवालीचा माग भाजीच्या बाजारात लागला, तिथून एका पोस्टमनचा, आणि मग पुष्कळ वेळ कुणाचाच लागला नाही. रस्ते ओस पडले. डांबर मऊ झालं. ज्याला त्याला आपापली सावली, दुसऱ्याकडे पाहायला वेळ कुणाला? सिस्टर पोलिसांशी फोनवर बोलत होत्या, आवाज शांत, वॉर्डात बोलायच्या तसा. तो शांतपणाच बाईंना सोसवेना.

बर्फाच्या कारखान्याच्या फाटकासमोर ते सापडले.

कुणी कामगार आत गेला असेल आणि फाटक लागलं असेल. शेवटची टाच तिथं संपली होती. आणि मास्तर भर उन्हात उभे होते, छाती पुढं, हात मांडीला चिकटलेले, नजर बंद फाटकावर. सावली चार हातांवर होती. पण सावलीकडे कुणी चाललं नव्हतं, मग ते तरी कसे जाणार? ओठ पांढरे पडले होते. अंगावर घामाचा थेंब नव्हता, आणि ते पाहून सिस्टर निवृत्तीनंतर पहिल्यांदा धावल्या.

“मास्तर, चला. इकडे या.” त्यांनी दंड धरला, ओढला. मास्तरांनी तो हिसडून सोडवला. केवढा जोर होता त्या वाळक्या हातात.

“सोडा,” बाई म्हणाल्या. “असे नाही यायचे ते.”

त्या नवऱ्याच्या पुढं जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. साडी जरा वर धरली, टाचा दिसाव्यात म्हणून. मग सावलीच्या दिशेनं निघाल्या, मान पूर्ण मागं वळवून, डोळे त्यांच्यावर रोवून. मास्तरांची नजर फाटकावरून निघाली, खाली आली. ते आले. एक पाय चपलेत, एक उघडा, आणि उघड्या पायाचं पाऊल डांबरावर चिकटून सुटत होतं. सावलीत आले आणि गुडघ्यांत मोडले.

इस्पितळात सलाईन लागलं, अंगाला ओले कपडे गुंडाळले. जीव राहील, डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचं दोन दिवसांनी सांगू. तळव्याची कातडी गेली आहे. बाई खाटेशी बसल्या. बाहेर व्हरांड्यात चालणारी माणसं भिंतीला टेकून उभी होती. कुणाच्या पायात त्राण नव्हतं, पण घरी कुणी गेलं नव्हतं.

लेक संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. ती पोचायच्या आधी सिस्टर आत आल्या, शिंपीणही.

“हे बघा,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “मला केव्हापासून माहीत आहे. तुमच्या लेकीला मी सांगते, ते आमच्याबरोबरच होते. ऊन लागलं, चक्कर आली. कुणालाही येते.”

“माझ्या शेजारीच पडले म्हणून मी सांगते,” शिंपीण म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. “तळवा भाजला तो चप्पल तुटली म्हणून. त्यांना घरातून नेऊ देणार नाही आम्ही. पाळ्या लावू. दुपारची मी येईन.”

बाईंनी दोघींचे हात धरले. परक्या माणसांनी आपल्यासाठी खोटं बोलायला तयार व्हावं, ही काय थोडी पुण्याई? पुष्कळ वेळ त्या ते हात धरून बसल्या.

लेक आली. बापाच्या पायावरची पट्ट्यांची गुंडाळी तिनं पाहिली आणि बॅग खांद्यावरून काढायची विसरली.

“काय झालं?”

“अगं, ऊन...” सिस्टरांनी सुरुवात केली.

“ते हरवले होते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सकाळपासून दुपारपर्यंत. लोकांच्या मागं फिरत होते.”

“तू कुठं होतीस?”

“पुढं.”

“म्हणजे?”

“ते शेवटी होते, त्यांच्या मागं कुणी नव्हतं, ते मी पाहिलं होतं. तरी पुढं गेले.” बाई थांबल्या. इतक्यावर थांबता आलं असतं. “आणि मला बरं वाटत होतं. ते तिकडे उन्हात होते तेव्हा मला फार बरं वाटत होतं. ते मला पुन्हा वाटेल. म्हणून सांगतेय.”

 लेक खाटेच्या दुसऱ्या कडेला बसली, मघापासून खांद्यावर राहिलेली बॅग आता मांडीवर घेतली. शिंपीण पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सिस्टरांनी सलाईनचे थेंब उगाच पुन्हा मोजले.

“न्यायचं?” लेकीनं विचारलं. आवाजात जिंकल्याची खूण नव्हती.

“ने.”

“तू पण माझ्याकडे ये. निदान पाऊस पडेपर्यंत.”

“नको.” बाईंनी नवऱ्याच्या अंगावरचा कपडा उचलला, तो सुकला होता. बादलीत बुडवून पिळला, पुन्हा घातला. “ती जागा आपल्या घरापासून पायी किती लांब पडते?”

लेक आठवू लागली. ती दोन्ही वेळा मोटारीतून गेली होती, काच बंद करून. तिला सांगता येईना.